सोनखांबची घट

सोनखांबात आता कुणी देवाची शपथ घेत नाही. भांडण जुंपलं की माणूस छातीवर हात मारून ओरडतो, "साक्षीघराची आण!" आणि समोरचा गप्प होतो. देवाला नारळ चालतो, कोंबडं चालतं. साक्षीघराला काहीच चालत नाही.

पूर्वी तालुक्याला सहकारी साखर कारखाना असायचा, तशी आता तालुक्याला सहकारी अणुभट्टी असते. संघ तसाच, चेअरमन तसाच, वार्षिक सभेतली खुर्च्यांची फेकाफेकही तशीच. उसाच्या जागी युरेनियमच्या कांड्या आल्या, एवढाच फरक. राज्यात अशा चाळीस भट्ट्या आहेत. अणुइंधन चेअरमनच्या हाती द्यायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगायची. म्हणून प्रत्येक भट्टीच्या शेजारी, हाकेच्या अंतरावर, जमिनीत एक टाकी पुरलेली असते. तेच साक्षीघर.

त्याची साक्ष कशी होते ते आधी समजून घ्या, कारण या गोष्टीत माणसं तुरुंगात जातात ती त्या साक्षीनं.

युरेनियमचा अणू फुटला की त्याचे दोन तुकडे होतात. तुकडे शेकडो जातींचे, आणि बहुतेक सगळे बेचैन. शांत होता होता प्रत्येक तुकडा एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो आणि त्याच्यासोबत एक प्रतिन्यूट्रिनो. प्रतिन्यूट्रिनो हा जगातला सगळ्यात बेपर्वा कण. शिसं असो, डोंगर असो, अख्खी पृथ्वी असो, तो आरपार जातो. अडवता येत नाही म्हणून लपवताही येत नाही. टाकीतल्या तेलातून असे अब्जावधी निघून जातात. त्यांतले दिवसाला हजारभर तेवढे तेलात धडकून ठिणगी पाडतात. ठिणग्या मोजल्या की भट्टीच्या पोटात काय जळतंय ते बाहेरून कळतं. ताजी कांडी जास्त ठिणग्या देते. जुन्या कांडीत प्लुटोनियम साठलेलं असतं, ती कमी देते. नव्या कांड्या भरल्या असं सांगितलं आणि ठिणग्या कमी पडल्या, तर कायदा एकच अर्थ काढतो: नव्या कांड्या विकल्या, भडवा जुन्याच जाळतोय.

साक्षीघरं आली तसे तपासनीस घरी गेले. माणूस खातो, पितो, मिंधा होतो. कण होत नाही. आता भट्टीत उतरून थर्मामीटर बघायला कुणी येत नाही.

सोपान म्हस्के सोनखांबच्या भट्टीचा मुख्य चालक. त्याचा खटला चहा गार व्हायच्या आत संपला. त्यानं दिवाळीत नव्या कांड्या भरल्याचं सांगितलं होतं, आणि पुढचं वर्षभर ठिणग्या सहा टक्के कमी आल्या. कांड्या कुणाला विकल्या? कशातून नेल्या? पैसा कुठं गेला? कुणी विचारलं नाही. भट्ट्यांवर नेमलेल्या आयोगाचे आयुक्त म्हणाले, "कण खोटं बोलत नाहीत." बारा वर्षं.

त्याची बायको अंजिरा पिठाची गिरणी चालवायची. खटल्यानंतर तिच्याकडं दळण टाकायला येणाऱ्या बायका डबा ठेवताना म्हणायच्या, "बघ हां अंजिरे, तुमच्या घरात कमी भरायची रीत हाय." ती पट्टा चालू करायची आणि गिरणीच्या आवाजात त्यांना आईवरून शिव्या द्यायची.

---

डोंगरावरच्या अणुसंशोधन संस्थेत डॉक्टर हेमांगी वर्तक नावाची बाई साक्षीघराच्या हिशेबाचे आकडे बदलतेय, एवढं वकिलाकडून कळलं होतं. अंजिरा दोन बस बदलून तिथं पोचली. खोलीत शिरताच तिनं चपला काढल्या. तिच्या दोन्ही पावलांची कातडी घोट्यापर्यंत गुळगुळीत, गुलाबी, चमकणारी होती.

"हे काय झालं?" वर्तकनं विचारलं.

"भाजलं. नवरात्राच्या आधी वाकळा धुवायला भट्टीखालच्या नाल्यात उभी होते. वरनं एकाएकी कढतं पाणी आलं. झडप बिघडली म्हणाले संघवाले." अंजिरानं पाय खुर्चीखाली घेतले. "ह्यांनी पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. जेलात जाईस्तोवर रोज राती खोबरेल लावायचे. असला माणूस चोर न्हाई, मॅडम."

"प्रेमळ माणसं चोऱ्या करतात," वर्तक म्हणाली. "पण तुमच्या नवऱ्यानं केली नाही. ते मला माहीत आहे."

दोन वर्षांत हे वाक्य अंजिराला कुणी ऐकवलं नव्हतं.

"मग सांगा की कोर्टाला!"

"सांगते. आधी तुम्हाला कळू दे. साक्षीघर ठिणग्या बरोबर मोजतं. चूक तिथं नाही. पण 'कमी' म्हणजे कशापेक्षा कमी? किती यायला हव्या होत्या हे कुणी ठरवलं?"

"कुणी?"

"आम्ही. एक तक्ता आहे. प्रत्येक जातीचा तुकडा फुटताना किती निघतो आणि शांत होताना कुणाला किती ऊर्जा देतो, याचा. त्यावरून अपेक्षा काढतात. आता असं समजा, एक भाकरी आहे आणि खाणारे तिघं. इलेक्ट्रॉन, प्रतिन्यूट्रिनो आणि प्रकाशाचे किरण. मोजायची जुनी यंत्रं लहान होती. किरणांनी चतकोर चुलीपाशीच मोडून खाल्ला, तो यंत्रांना दिसलाच नाही. मग हिशेबात तो चतकोर प्रतिन्यूट्रिनोच्या ताटात धरला गेला."

"मग?"

"टाकीत ठिणगी फक्त जोरदार प्रतिन्यूट्रिनो पाडतात. पोटभर जेवलेले. आम्ही समजत होतो खूप जण पोटभर जेवलेत. प्रत्यक्षात बरेच अर्धपोटी होते."

अंजिरानं जरा विचार केला. "म्हंजी घट धरायची इसरलात व्हय तुमी."

"घट?"

"धा किलो जोंधळं दळलं की पीठ धा किलो भरत न्हाई. थोडं उडतं, थोडं दगडात बसतं. त्याला घट म्हणत्यात. नवी नवरी दळण घिऊन आली की भांडती, गिरणीवालीनं पीठ मारलं म्हणती."

"अगदी तेच."

"आन एवढं शिकून तुमी नव्या नवरीसारखं केलं?"

वर्तक हसली नाही. खरं तर याहून वाईट केलं होतं. त्या तक्त्यातले दहा-बारा तुकडे असे, की जन्मल्यापासून चार-पाच सेकंदांत संपतात. त्यांना धरून मोजणं अवघड. वर्तकच्या गुरूंनी तरुणपणी त्या रिकाम्या जागी शेजारच्या तुकड्याचे आकडे बसवले आणि वर चांदणी काढली: 'हा अंदाज आहे'. पुढं तक्ता नव्या संगणकात चढवताना चांदण्या गळल्या. अंदाजाचं सत्य झालं. मग दुसऱ्या देशानं पडताळणी केली. पडताळणी म्हणजे काय, तर त्यांनीही आपल्या रिकाम्या जागा याच तक्त्यावरून भरल्या होत्या. आकडे जुळले. जुळणारच! चोराच्या भावानं चोर चांगला असल्याचा दाखला दिला. त्यावर टाळ्या पडल्या, शाली पडल्या, कायदा झाला.

वर्तकनं नवं यंत्र बांधलं होतं. रांजणाएवढा स्फटिक, त्याच्या पोटात तो तुकडा सोडायचा, म्हणजे एकही किरण निसटत नाही. पाच वर्षं तिनं एकेका तुकड्याची भाकरी नीट मोजली. नव्या आकड्यांनी अपेक्षा सहा टक्क्यांनी खाली आली. सोपानच्या ठिणग्या त्या रेषेवर सुईत दोरा ओवावा तशा बसल्या.

"पण आयोग म्हणतो, नवा तक्ता पुढच्या वर्षापासून लागू," वर्तक म्हणाली. "जुने खटले त्या वेळच्या सत्याप्रमाणे."

"त्या येळचं सत्य? सत्याला काय एक्सपायरी हाय?"

"मागचं उघडायचं तर पीडिताला अर्ज करावा लागतो. मग नवा तक्ता पहिल्या दिवसापासून लागू होईल. सगळ्यांना. चाळीसच्या चाळीस भट्ट्यांना."

"हूं दे की. तुमचं काय जातंय?"

वर्तकचं काहीच जात नव्हतं. उलट यायचं होतं. मागं लागू झालेला तक्ता तिच्या नावानं ओळखला गेला असता. पुढच्या वर्षापासून लागू झालेला तक्ता म्हणजे फायलीतली एक दुरुस्ती. तिला अर्जदार हवा होता. समोर बसली होती. शिवाय तिच्या संगणकात सोनखांबचा आलेख पहिल्या दिवसापासून काढलेला होता आणि तिनं तो नीट बघितला होता.

तिनं अर्जाचा कागद पुढं सरकवला.

---

भागवत, अंजिराचा धाकटा भाऊ, शेजारच्या तांदूळखेडच्या भट्टीचा चालक. सोपाननंच त्याला नोकरीला चिकटवलं होतं. तो गिरणीत आला तेव्हा अंजिरा छिन्नीनं गिरणीच्या दगडाला टाकी घालत होती.

"अक्का, अर्ज करू नको."

"का? तुजा दाजी भाईर आला तर तुजं काय घोडं आडतंय?"

भागवतनं गिरणीचं दार ओढून घेतलं. "भरणी ठावं हाय तुला?"

"कसली भरणी?"

"सरळ चालवली तर ठिणग्या कमीच पडत्यात. पयल्या वर्सापास्नं. कुठल्याबी भट्टीत. जुन्या चालकांनी शोधून काढलं, भट्टी जरा तापवून चालवली, मंजूर तापापेक्षा वर, की ठिणग्या वाढत्यात आन साक्षीघराचा आकडा बरूबर जुळतो. हिला म्हणत्यात भरणी. जादाची वाफ, कढतं पाणी गुपचूप सोडून द्यायचं. थर्मामीटर आपल्याच हातात."

"आन हे समदे करत्यात?"

"समदे. न्हाई केलं तर चोर ठरतो माणूस. जुन्या तक्त्यात आमी सरळ दिसतो. नव्या तक्त्यात समद्यांच्या ठिणग्या वर जातील. मंग कलम लागतंय अतितापाचं. चोरीत इंधन जातं अक्का, अतितापात गाव जाऊ शकतं. जन्मठेप हाय त्याला."

"म्हंजी दाजी चोरी न करता बारा वर्सं सडला तरी चालंल, पर तू गुन्हा करून गादीवर झोपायचं?"

"मी काय हौसेनं केलं का?"

"न्हाई, देवानं सपनात यिऊन सांगितलं."

भागवत चिडला. "तुजा नवरा काय धुतल्या तांदळाचा हाय? त्यानंच मला भरणी शिकवली!"

अंजिरानं छिन्नी खाली ठेवली. तिचा आवाज अगदी थंड झाला. "भाग्या, तूच म्हणलास. भरणी करणाऱ्याचा आकडा जुळतो. मंग ह्यांचा का न्हाई जुळला? भरणी केली असती तर सापडले असते का?"

सोपाननं भरणी का बंद केली हे भागवतलाही कधी कळलं नव्हतं. त्यानं विचारलं तेव्हा दाजी नुसता म्हणाला होता, "बास झालं."

"राखी बांधली हाय मी तुला," अंजिरा म्हणाली. "पर कुंकू त्यांच्या नावाचं लावते. न्हाई तर ते बी ऱ्हाऊ दे. त्यांनी मला पाठीवर घेतलं, तू घेतलं न्हाईस. जा."

तरी तिला झोप लागेना. तिनं वर्तकला फोन लावला. "मॅडम, एकच सांगा. ह्यांनी भरणी केली का?"

"ज्या काळासाठी तुमच्या नवऱ्याला शिक्षा झाली," वर्तक एकेक शब्द वजन करून म्हणाली, "त्या काळात एकही ठिणगी जास्त नाही."

खोटं नव्हतं ते. शिकलेल्या माणसाला खोटं बोलावं लागत नाही, हाच शिकण्याचा फायदा.

---

तुरुंगात जाळीपलीकडं सोपान वाळलेला दिसत होता. अर्जाचं ऐकून त्याचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. तो पांढरा पडला.

"नको करू."

"का?"

"नको म्हणतो ना. बारातली दोन गेली. धा जातील."

"भाग्यासाठी म्हणताय."

तो नखानं जाळीची तार खरवडू लागला.

"अवो, चाळीस गावांतली माणसं चोरावानी भट्ट्या तापवत्यात, आन सरळ चालवणारा एकटा तुमी. तुमी जेलात, ते गणपतीच्या मिरवणुकीत! आन तुमाला त्यांची दया?"

"अंजिरे, पाय कसे हायत?"

"पायाचं मधीच काय काढलं?"

"थंडीत फुटत्यात. खोबरेल लावत जा." त्यानं जाळीवर बोटं टेकवली. ओठ हलले, काहीतरी येणार असं वाटलं. मग शिपायानं वेळ झाली म्हणून काठी आपटली. त्याला सुटका झाल्यासारखं वाटलं, हे अंजिराला दिसलं. अर्थ मात्र तिनं स्वतःला हवा तो काढला. देवमाणूस, तिला वाटलं. मेव्हण्यासाठी मरायला निघालाय.

तिनं परतीच्या बसमध्ये अर्जावर सही केली.

---

आयोगाच्या कचेरीत सुनावणीला उभं राहायला जागा नव्हती. बाकीच्या एकोणचाळीस भट्ट्यांचे चालक एका बाजूला बसवले होते, भोवती पोलीस. भागवत दुसऱ्या रांगेत होता. सोपानला बेडीसह समोर आणलं.

भिंतीवर आलेख उजळला. लाल रेष म्हणजे नव्या तक्त्याची अपेक्षा. काळे ठिपके म्हणजे साक्षीघराच्या ठिणग्या. सोपानच्या शेवटच्या वर्षाचे ठिपके लाल रेषेवर मुंग्यांसारखे ओळीनं चालत होते.

"सोपान म्हस्के चोरीच्या आरोपातून निर्दोष," आयुक्त म्हणाले.

अंजिरानं पदर तोंडात कोंबला. ती रडत होती आणि हसत होती, आणि शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसत होती, "बगा, बगा, म्हणलं न्हवतं!" सोपाननं मान वर केली नाही.

"नवा तक्ता पहिल्या दिवसापासून लागू," आयुक्त पुढं वाचत होते. "पूर्ण नोंद दाखवा."

आलेख डावीकडं सरकला. मागचं वर्ष. त्याच्या मागचं. पार सुरुवातीला ठिपके रेषेच्या वर होते, एका उंचीवर, तीन वर्षं. मग एका जागी पायरी. जिन्यावरून भांडं पडावं तसे सगळे ठिपके एकदम खाली, लाल रेषेवर. आणि तिथून पुढं कायम सरळ.

"ही पायरी काय आहे?" आयुक्तांनी विचारलं.

वर्तक उठली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. "त्याआधी भट्टी मंजूर तापापेक्षा वर चालवली जात होती. त्या दिवशी ताप उतरवला. नंतर पुन्हा कधीच वर नेला नाही."

"म्हणजे आधीची तीन वर्षं अतिताप?"

"होय."

सभागृहात चालकांच्या रांगेतून एक आवाज निघाला, विहिरीत दगड पडावा तसा. भागवतनं डोळे मिटले. अंजिरा उभी राहिली.

"कुठला दिस हाय तो?"

"बाई, खाली बसा."

"दिस इचारतेय मी! त्या पायरीचा दिस!"

वर्तकनं पडद्यावर बघून तारीख वाचली. सप्टेंबरमधली.

ती तारीख अंजिराला विसरणं शक्य नव्हतं. घटस्थापना चार दिवसांवर होती. घरातल्या सगळ्या वाकळा डोक्यावर घेऊन ती नाल्यावर गेली होती. पाणी गुडघ्याखाली होतं, गार होतं. मग नव्हतं.

तिनं सोपानकडं बघितलं. आता तोही बघत होता.

"खिडकीतनं दिसत होतीस तू," तो म्हणाला. सभागृहात सगळे ऐकत होते, पण तो तिच्याशीच बोलत होता. "झाडामागं होतीस, आधी दिसली न्हाईस. मी झडप उघडली. रोजच उघडायचो. मंग तू वराडलीस."

"झडप बिघडली म्हणाले..."

"मीच तसं लिवून दिलं."

अंजिराच्या पायांवरची गुळगुळीत कातडी ओढल्यासारखी झाली. रोज रात्री तिचे पाय मांडीवर घेणारा, एकेक बोट खोबरेलात भिजवणारा तो माणूस. तिला वाटायचं, किती जीव लावतो. जीव लावतच होता. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मॅडम," ती न वळता म्हणाली, "तुमाला हे ठावं होतं?"

"मी शिक्षेच्या काळापुरतं उत्तर दिलं होतं," वर्तक म्हणाली. "तेवढं खरंच होतं."

बाकीच्या भट्ट्यांचे ठिपकेही लाल रेषेच्या वरच निघाले. आयुक्तांनी निकाल वाचला. चाळीस चालकांना जन्मठेप. त्यात सोपान म्हस्के; चोरीची बारा वर्षं माफ, अतितापाची जन्मठेप लागू. भट्ट्या त्याच संध्याकाळी बंद. वर्तकच्या भोवती आता बातमीदार जमले होते आणि एक जण तिला तक्त्याच्या नावाचं विचारत होता.

पोलिसांनी सोपानला उठवलं. अंजिरा मधे आडवी उभी राहिली.

"जेलात आले होते मी. तोंड का उघडलं न्हाई? सांगितलं असतं तर अर्ज केला नसता मी. दोन गेली होती, धा र्‍हायली होती."

"कसं सांगू? सांगितलं असतं तर तू घरात ठिवलं असतंस मला?"

शिपायानं साखळी ओढली. अंजिरा बाजूला झाली नाही. तिनं खरंच विचार केला. खोटं उत्तर द्यायची तिला सवय नव्हती.

"नसतं ठिवलं," ती म्हणाली. "पर जल्मभर जेलात तरी घातलं नसतं तुमाला."